शेतावरील खानावळीचे स्वयंपाकघर : थोड्या भांडवलातील आखणी

जोंधळ्याची कणसे हुरड्यावर आली, की पुणे, अहिल्यानगर व सोलापूर या जिल्ह्यांत मोठ्या रस्त्यांलगतच्या शेतांवर आगट्या पेटू लागतात आणि सुट्टीच्या दिवशी शहरातील कुटुंबे तेथे येऊ लागतात. बारामतीजवळील पळशीवाडी येथे २००५ साली कृषी पर्यटनाचा उपक्रम सुरू झाला, आणि २०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. आज अनेक शेतकरी कुटुंबे या जोडधंद्याकडे वळलेली आहेत. हुरड्याचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा असतो. परंतु आलेल्या पाहुण्यास जेवण लागते, आणि ते बाराही महिने लागते. त्यामुळे हुरड्याच्या पाठोपाठ शेतावर खानावळ उभी राहते.

या खानावळी ज्या कारणाने अडचणीत येतात ते कारण बहुधा चवीत नसते. ज्या गृहिणीने वीस वर्षे घरच्यांना व मजुरांना जेवू घातले, तिच्या पिठल्यास नावे ठेवणारा पाहुणा विरळाच. अडचण असते ती स्वयंपाकघराच्या आखणीत. कांद्याची पट्टी हाती येते, पतसंस्थेचे कर्ज मंजूर होते, आणि पहिली खरेदी होते ती मोठ्या शीतपेटीची व चकचकीत यंत्रांची. जमिनीचा उतार, सांडपाणी, धुराची वाट या गोष्टी ‘पुढे पाहू’ म्हणून राहतात. पहिल्या पावसाळ्यात स्वयंपाकघरात पाणी साचते, धूर जेवणाऱ्यांच्या अंगावर येतो, आणि सुधारणेसाठी पैसा उरलेला नसतो. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी तो शेतीच्या उत्पन्नातून भरावा लागतो, म्हणजे जोडधंद्याने मुख्य धंद्याचे भांडवल खाल्ले असा त्याचा अर्थ होतो.

आखणी कशी करावी हे समजण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. पारनेर तालुक्यात अहिल्यानगर–पुणे रस्त्यापासून जवळच एका कुटुंबाची तीन एकर जमीन आहे, असे समजावे. वस्तीवर सहा मीटर लांब व साडेचार मीटर रुंद अशी दगडी भिंतींची जुनी कोठीची खोली आहे. हाती चार लाख रुपये असून त्यांतील निम्मे कर्जाऊ आहेत. एका वेळी चाळीस पाहुण्यांस जेवण द्यावयाचे आहे.

आधी ताट, मग खोली

यंत्रांची यादी करण्यापूर्वी ताटातील पदार्थांची यादी करावी. पिठले किंवा भरले वांगे, मटकीची उसळ, ज्वारी-बाजरीची भाकरी, आमटी-भात, ठेचा व ताक एवढे ताट या भागात पुरेसे आहे. पाहुणा त्यासाठीच येतो. प्रत्येक पदार्थापुढे चूल किती वेळ अडते, भांडे केवढे लागते आणि तो आधी करून ठेवता येतो की आयत्या वेळी करावा लागतो, हे लिहावे. अशी यादी केली म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. उसळ, आमटी व भात आधी करून गरम ठेवता येतात, ठेचा व ताक सकाळीच होतात. भाकरी मात्र ताटात पडताना गरम लागते. तेव्हा शेतावरील खानावळीत किती माणसे जेवू शकतील हे बसण्याच्या पाटांवरून ठरत नाही, ते तव्यावरून ठरते.

हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दर माणशी दोन याप्रमाणे चाळीस पाहुण्यांना ८० भाकरी लागतात. जेवणाची वेळ दोन तासांची धरली तर तासाला ४० भाकरी उतरल्या पाहिजेत. भाकरी तव्यावर टाकून, पाणी फिरवून, उलटून, विस्तवावर फुगवून काढण्यास सुमारे चार मिनिटे धरली, तर एका तव्यावर तासाला १५ भाकरी होतात. म्हणजे तीन तवे अवश्य पाहिजेत, आणि थापण्यास किमान दोन बाया पाहिजेत, कारण सरावाची बाई एकाच वेळी दोन तव्यांवर लक्ष ठेवू शकते, तीन तव्यांवर ठेवणे कठीण. एका भाकरीस ९० ग्रॅम पीठ धरल्यास सव्वासात किलो पीठ लागते. हे पीठ महिन्याचे दळून ठेवू नये. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना चिरते आणि वेळेचा सगळा हिशेब बिघडतो. त्यामुळे गिरणी जवळ असेल तर दोन-तीन दिवसांचेच पीठ दळून आणणे हितावह होय.

तीन तव्यांसाठी तीन तोंडी शेगडी व मोठ्या पातेल्यांसाठी एक बुटकी भट्टी एवढे चूलसाहित्य या ताटास पुरते. यापेक्षा अधिक तोंडांची शेगडी घेतली तर ती तोंडे बहुधा रिकामी राहतात.

ओट्याची उंची

ही बाब लहान दिसते, परंतु तीवर धंद्याचे आयुष्य अवलंबून असते. ओटा गवंडी बांधतो, त्याची उंची घरातील पुरुष ठरवतो, आणि त्यावर रोज पाच तास काम तिसरेच माणूस करते. उभ्याने चिरण्या-शिजविण्यासाठी ८० ते ८५ सेंटिमीटर उंची बहुतेक स्त्रियांना सोयीची पडते. भाकरी थापताना वरून जोर द्यावा लागतो, म्हणून थापण्याची जागा त्याहून आठ-दहा सेंटिमीटर खाली असावी. उंच ओट्यावर थापणाऱ्या बाईचे खांदे संध्याकाळपर्यंत भरून येतात. घरच्या आठ भाकरींत हे जाणवत नाही, ऐंशीत जाणवते. तेव्हा ओटा घालण्यापूर्वी विटांचा कच्चा थर रचून, त्यावर काटवट ठेवून, ज्या बाईला काम करावयाचे आहे तिच्याकडून दोन भाकरी थापून घ्याव्यात. “मिस्त्री, आणखी चार बोटं खाली घ्या,” असे ती त्याच वेळी सांगू शकते. सिमेंट वाळल्यावर सांगून उपयोग नसतो.

जे हलवता येत नाही त्यावर आधी खर्च

भांडवल थोडे असेल तेव्हा एक नियम पाळावा : जी वस्तू मागाहून बदलता येणार नाही ती प्रथम व चांगली करावी, जी बाजारातून कधीही आणता येते ती शेवटी व गरजेपुरती आणावी. वरील चार लाखांपैकी दोन लाख रुपये जमीन, सांडपाणी, पाणी, ओटे, हवा व विजेची तारजोडणी यांवर खर्चावेत. एक लाखात शेगड्या, भांडी, टेबले व मांडण्या बसवाव्यात. सुमारे ४५ हजार रुपयांत घरगुती आकाराचा फ्रिज व मिक्सर यांची सोय करावी. उरलेल्या ५५ हजारांस हात लावू नये. पहिल्या तीन महिन्यांत पाहुणे कमी-अधिक येतात, आणि त्या काळात किराणा व मजुरी यांतूनच भागवावी लागते.

जमिनीसाठी खरबरीत शहाबादी किंवा कोटा फरशी उत्तम. गुळगुळीत चकाकणारी फरशी तेल व पाणी सांडले की घसरते. उकळत्या आमटीचे पातेले हातात असताना पाय घसरणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. फरशीस दर मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर उतार नालीकडे द्यावा आणि भिंतीलगतचा कोपरा सिमेंटने गोलसर घोटून घ्यावा, म्हणजे घाण साठत नाही. भांडी धुण्याचे सांडपाणी प्रथम लहान टाकीत घ्यावे. तेथे तेल वर तरंगते व खरकटे तळाशी बसते. मधले पाणी शोषखड्ड्यात किंवा केळीच्या वाफ्यात सोडावे. ही टाकी आठवड्यातून एकदा साफ केली नाही तर शोषखड्डा तेलकट गाळाने बुजतो.

पाण्याचा अंदाज पुष्कळदा कमी धरला जातो. भारतीय मानकांत उपाहारगृहासाठी दर आसनामागे रोज ७० लिटर पाणी धरलेले आहे. म्हणजे चाळीस आसनांस २,८०० लिटर. टाकी तीन हजार लिटरची घ्यावी, आणि विहिरीचे किंवा बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. खरकटी ताटे आत येण्याची वाट व वाढलेली ताटे बाहेर जाण्याची वाट एकच नसावी. खोलीस दुसरे दार पाडणे शक्य नसेल तर धुण्याच्या हौदाजवळ एक खिडकी काढली तरी काम भागते.

इंधन

व्यवसायासाठी १९ किलोचे व्यापारी सिलिंडरच वापरावयाचे असते, घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर वापरणे बेकायदेशीर आहे. सिलिंडर उभे, खोलीच्या बाहेर, भिंतीलगत जाळीच्या पिंजऱ्यात ठेवावे. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो वर न जाता जमिनीलगत पसरतो. म्हणून सिलिंडर खड्ड्यात किंवा नालीजवळ मुळीच ठेवू नये आणि पिंजऱ्यास खालून हवा खेळती ठेवावी.

ज्यांच्याकडे जनावरे आहेत त्यांनी गोबरगॅसचा विचार अवश्य करावा. चार घनमीटर क्षमतेच्या संयंत्रास रोज सुमारे १०० किलो शेण लागते, म्हणजे दहा मोठ्या जनावरांचे. एक घनमीटर गोबरगॅस साधारणपणे ०.४३ किलो सिलिंडरच्या गॅसचे काम देतो. या हिशेबाने महिन्याला सुमारे ५२ किलो, म्हणजे पावणेतीन व्यापारी सिलिंडरांइतके इंधन घरचे मिळते, आणि मळी शेतास मिळते ती वेगळीच. तथापि थंडीत गॅस कमी होतो, आणि हुरड्याचे पाहुणे नेमके थंडीतच येतात. त्यामुळे सगळे चूलसाहित्य गोबरगॅसवर अवलंबून ठेवू नये. डाळ शिजविणे, भांड्यांसाठी पाणी तापविणे ही दीर्घ वेळाची कामे त्यावर व तवे सिलिंडरवर, अशी वाटणी सोयीची पडते. गोबरगॅससाठी त्याचीच शेगडी लागते.

विजेबाबत एक सूचना. शेतीपंपाच्या जोडणीवरून खानावळीचा फ्रिज वा मिक्सर चालविणे हा वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो. स्वतंत्र जोडणीचा खर्च प्रथमपासूनच धरावा.

थंड साठवण

मोठी शीतपेटी घेण्याचा मोह सर्वांत महाग पडतो. शेतावरील खानावळीचा फायदाच हा, की वांगी, मेथी, कोथिंबीर सकाळी तोडून दुपारी ताटात जातात. एक-दोन दिवस भाजी टिकवावयाची असेल तर शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधावा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला हा कक्ष विटांच्या दुहेरी भिंतीचा असतो. दोन भिंतींमध्ये साडेसात सेंटिमीटर जागा ठेवून तीत वाळू भरतात व ती सकाळ-संध्याकाळ ओली करतात. तळ १६५ बाय ११५ सेंटिमीटर व उंची साडेसदुसष्ट सेंटिमीटर असली की सुमारे १०० किलो भाजीपाला राहतो. पारनेरसारख्या कोरड्या हवेच्या भागात उन्हाळ्यात आतील तपमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंश सेल्सिअस कमी राहते. कोकणच्या दमट हवेत मात्र एवढा लाभ होत नाही.

दूध, दही, मांस व शिजलेले अन्न यांस फ्रिजच पाहिजे. शिजलेले अन्न एकतर ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम राहावे, नाहीतर ५ अंश किंवा त्याहून खाली थंड राहावे. उरलेला भात पातेल्यात झाकून रात्रभर बाहेर ठेवण्याची घरगुती रीत येथे चालणार नाही. भात शिजल्यावरही त्यात काही जिवाणूंची बीजे जिवंत राहतात व कोमट भातात ती वाढून विष तयार करतात. एका पाहुण्यास बाधा झाली तरी साऱ्या खानावळीचे नाव जाते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालील नोंदणी व काम करणाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी या गोष्टीही पहिले ताट वाढण्यापूर्वीच कराव्यात.

जुने साहित्य घ्यावे काय?

अवश्य घ्यावे, परंतु निवडून. बंद पडलेल्या हॉटेलांची पोलादी टेबले, धुण्याची हौदे, मांडण्या व मोठी पातेली स्वस्तात मिळतात आणि त्यांत बिघडण्यासारखे काही नसते. गॅसची नळी, रेग्युलेटर व फ्रिज मात्र जुने घेऊ नये. स्टेनलेस पोलाद पारखण्यासाठी पुष्कळजण लोहचुंबक घेऊन जातात. चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४ प्रतीचे पोलाद, असा समज आहे. तो चुकीचा आहे. २०२ ही हलकी प्रतही चुंबकास दाद देत नाही, पण आंबट व खारट पदार्थांनी लवकर गंजते. तेव्हा शिक्का व विक्रेत्याची लेखी पावती पाहावी. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ताक, चिंच वा आमसूल घातलेले पदार्थ ठेवू नयेत. पितळी भांडी असल्यास कल्हई वेळच्या वेळी करावी.

सर्व सिद्धता झाली म्हणजे पाहुण्यांस बोलाविण्यापूर्वी भावकीतील व शेजारच्या वस्तीवरील चाळीस माणसांस एक दिवस जेवावयास बोलवावे. त्या दोन तासांत घरातील एका मुलाने घड्याळ व वही घेऊन दारात बसावे. पहिले ताट केव्हा गेले, भाकरीसाठी किती जण खोळंबले, मिठाच्या बरणीसाठी कोण किती वेळा उठले, खरकटी ताटे कोठे साचली, हे त्याने टिपून ठेवावे. भिंतीवरील मांडण्या, फळ्या व खुंट्या त्यानंतर ठोकाव्यात.