बाण हुकतो, तो हातामुळेच?

निवृत्तीनंतर बँकेचे व्यवहार, वीजबिल, रेल्वेचे आरक्षण घरच्या संगणकावर करणाऱ्या अनेकांच्या तोंडी एक वाक्य असते : ‘आता हात पूर्वीसारखा चालत नाही.’ बाण ‘रद्द करा’वर न्यायचा असतो, तो शेजारच्या ‘पुढे जा’वर जाऊन बसतो. खिडकी बंद करायला जावे तर ती नुसतीच लहान होते. असे चार-पाच वेळा झाले की माणूस खुर्ची मुलाला किंवा नातवाला देऊन मोकळा होतो आणि खुर्चीबरोबर पासवर्डही देतो. आपला पैसा आपण सांभाळायची सवय इतक्या किरकोळ कारणाने सुटावी, हे बरे नाही. त्यातून दोष पुष्कळदा हाताचा नसतोच. त्या हाताला झेपेल असा माऊसचा वेग कोणी कधी लावून दिलेलाच नसतो.

थोडा हिशेब करू. आजच्या माऊसच्या पोटात एक दिवा आणि एक अगदी छोटा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारो चित्रे टिपतो आणि आधीच्या चित्राशी ताडून आपण किती सरकलो ते मोजतो. एक इंच सरकल्यावर अशा किती मोजण्या होतात, तो आकडा म्हणजे ‘डीपीआय’. कचेरीतल्या साध्या माऊसचा डीपीआय बहुधा १००० च्या आसपास असतो. म्हणजे एका मिलिमीटरला पडद्यावरचे सुमारे ४० ठिपके. खिडकी बंद करायची फुली जेमतेम ४०-४५ ठिपके रुंद असते. हात मोहरीच्या दाण्याएवढा हलला की बाण फुलीच्या या कडेवरून त्या कडेवर! डीपीआय ३२०० असेल तर तेवढ्याच हालचालीत तो सव्वाशे ठिपके पुढे जातो.

बऱ्याच माऊसवर चाकाच्या मागे एक छोटे बटण असते, ते हाच डीपीआय बदलते. पुसताना किंवा लहान मुलाच्या हातून ते दाबले जाते आणि ‘काल चांगला होता, आज माऊस बिघडला’ अशी तक्रार सुरू होते. नवा माऊस आणण्याआधी ते बटण एक-दोनदा दाबून पाहावे. काचेचे किंवा फार गुळगुळीत टेबल असेल तर कॅमेऱ्याला टिपायला काही खूणच मिळत नाही, बाण जागच्या जागी थरथरतो. त्यावर साधा कागद अंथरला तरी काम भागते.

आता हाताकडे वळू. रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच दाखवले होते, की नेम धरून केलेली हालचाल दोन टप्प्यांत होते. आधी एक मोठी झेप आणि मग डोळ्यांनी पाहत केलेल्या लहान लहान दुरुस्त्या. पुढे १९५४ मध्ये पॉल फिट्स यांनी माणसांना धातूच्या दोन पट्ट्यांवर आलटून पालटून टोकदार दांडी टेकवायला लावून त्याचे गणित मांडले. लक्ष्य जितके दूर आणि जितके अरुंद, तितका वेळ जास्त. पण त्यातली गंमत अशी, की लक्ष्याची रुंदी दुप्पट केली तर अंतर निम्मे केल्याइतकाच फायदा होतो. १९७८ मध्ये झेरॉक्सच्या पालो अल्टो येथील प्रयोगशाळेत कार्ड, इंग्लिश आणि बर या तिघांनी माऊसलाही हाच नियम लागू पडतो हे मोजून दाखवले. यातले बिल इंग्लिश म्हणजे डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून १९६४ मध्ये पहिला लाकडी माऊस बनवणारे अभियंते.

या जुन्या गणितातून एक गोष्ट निघते, जी माऊसला हात न लावता करता येते. लक्ष्य मोठे करा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या वाटेने गेल्यावर ‘स्केल’ दिसते. ते १०० वरून १२५ किंवा १५० टक्के केले की अक्षरांबरोबर बटणेही वाढतात. ब्राउझरमध्ये कंट्रोल धरून अधिकचे चिन्ह दाबले तरी तेच. खिडकी पूर्ण पडदाभर मोठी ठेवावी. मग फुली अगदी कोपऱ्यात येते आणि बाण कितीही जोरात फेकला तरी पडद्याच्या कडेला अडून तिथेच थांबतो. चष्म्याचा नंबर वाढल्याशिवाय हे कोणी करत नाही. माझ्या मते ते पहिले करायला हवे.

एवढ्याने भागले नाही तर वेग. सेटिंग्जमधल्या ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, माऊस येथे वेगाची पट्टी असते. ती मधल्या खुणेवर असताना माऊसची एक मोजणी म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. पट्टी पूर्ण उजवीकडे नेली की एका मोजणीला साडेतीन ठिपके होतात, म्हणजे अधल्यामधल्या काही ठिपक्यांवर बाण थांबूच शकत नाही. म्हणून पट्टी मध्यावर ठेवून बटणाने डीपीआय कमी करणे चांगले. तसे बटण नसेल तर पट्टी एक-दोन घरे डावीकडे न्यावी. फार डावीकडे नेली तर पडदा ओलांडायला माऊस दोन-तीनदा उचलावा लागतो आणि खांदा भरून येतो.

हा हिशेब खरा ठरतो तो आणखी एक खूण काढल्यावर. ‘अ‍ॅडिशनल माऊस सेटिंग्ज’मधल्या ‘पॉइंटर ऑप्शन्स’मध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ असा पर्याय आधीपासून चालू असतो. नाव फसवे आहे. त्याने अचूकता वाढत नाही, तर हात सावकाश हलला की बाण कमी सरकतो आणि झटकन हलला की जास्त. ज्यांचा हात शांत आहे त्यांना याची मदत होते. ज्यांच्या हाताला झटके येतात त्यांचे झटकेही मोठे होतात. दोन-तीन दिवस चालू, दोन-तीन दिवस बंद ठेवून पाहावे. हाताला सवय लागायला तेवढा वेळ लागतोच, दहा मिनिटांत निकाल देऊ नये.

दुहेरी क्लिक हा वेगळाच छळ. क्लिक करताना बटण दाबलेले असतानाच हात सरकला तर संगणक त्याला ‘ओढणे’ समजतो आणि फाइल भलत्याच फोल्डरमध्ये जाते. तिथे एकदाच क्लिक करून एंटर दाबावे.

मनगटाचे काय? हाताच्या तळाशी असलेल्या अरुंद बोगद्यातून मीडियन नावाची नस जाते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी लोकांच्या या बोगद्यातला दाब प्रत्यक्ष मोजला होता. माऊसवर नुसता हात ठेवल्यापेक्षा बटण दाबून धरून ओढताना तो अधिक वाढला. डीटीपी करणाऱ्यांचे, नकाशे आखणाऱ्यांचे निम्मे काम हेच. त्यांच्यासाठी ‘क्लिकलॉक’ हा पर्याय आहे. क्षणभर दाबून सोडले की बटण दाबलेलेच धरले जाते. अर्थात, बोटे बधिर झाली की लगेच माऊसला जबाबदार धरणेही बरोबर नाही. डेन्मार्कमधल्या २००३ च्या एका मोठ्या पाहणीत आठवड्याला २० तासांहून अधिक माऊस वापरणाऱ्यांत लक्षणे जास्त दिसली, तरी संगणक हे या आजाराचे मोठे कारण असल्याचा निष्कर्ष संशोधकांनी काढला नाही. मधुमेह, थायरॉइड, गर्भारपण ही कारणे तपासावी लागतात. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होऊन झोपमोड होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

विद्यार्थ्यांचाही यात संबंध आहे. मोबाइलवरच सगळा सराव केलेल्या अनेक मुलांच्या हाती माऊस पहिल्यांदा येतो तो संगणकावरच्या परीक्षेच्या दिवशी. जेईई मेनसारख्या परीक्षेत आकडी उत्तरेही पडद्यावरच्या आकड्यांवर माऊसने टिपावी लागतात. त्याआधी आठवडाभर तरी कुणाच्या संगणकावर रोज अर्धा तास माऊस हाताळावा. केंद्रावर सूचना वाचायला मिळतो त्या वेळात बाण चारही कोपऱ्यांत नेऊन बघावा. अडत असेल तर माऊस बदलून मागायची वेळ तीच.

आता खरोखरच हात कापत असेल तर. कंप तसा प्रत्येकाच्या हाताला असतो, सेकंदाला ८ ते १२ वेळा, आणि एरवी तो जाणवत नाही. जागरण, भीती, जास्त चहा-कॉफी, दम्याचे सॅल्ब्युटामॉल यांनी तो वाढतो. वाढलेला थायरॉइडही कारण असू शकतो. काही घराण्यांत चालत येणारा ‘इसेन्शियल ट्रेमर’ हात कामात असताना दिसतो, माऊस धरला की, कप उचलला की. पार्किन्सनचा कंप बहुधा एका बाजूने सुरू होतो आणि हात मांडीवर स्वस्थ पडलेला असताना जास्त असतो. कोणत्या वेळी हात कापतो, हे घरच्यांनी दोन दिवस पाहून ठेवले तर डॉक्टरांचे काम सोपे होते. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी मात्र घेऊ नये. या कंपावर देतात ते प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्याला धोक्याचे ठरू शकते.

उपचार चालू असतानाही संगणक सोडायचे कारण नाही. कॅमेऱ्यातले चित्र स्थिर करतात तशी हाताची थरथर गाळून टाकणारे जोडयंत्र आयबीएमने २००५ मध्ये पुढे आणले होते. हेच काम करणारी सॉफ्टवेअर आज मिळतात. काहीच विकत न घेता जमणारा उपाय तर विंडोजमध्ये पूर्वीपासून आहे. डावीकडचे आल्ट, डावीकडचे शिफ्ट आणि नमलॉक एकत्र दाबले की ‘माऊस कीज’ सुरू करायचे का, असे विचारले जाते. हो म्हटल्यावर उजवीकडच्या आकड्यांनी बाण चालतो. ८ ने वर, २ ने खाली, ४ ने डावीकडे, ६ ने उजवीकडे, आणि ५ दाबला की क्लिक.