स्पीच कोडेकची श्रवण-चाचणी : गुणवत्ता आणि सुबोधता

प्रस्तावना
दूरध्वनीवरील आवाजाचे अंकांत रूपांतर करून पलीकडे तो पुन्हा घडविणाऱ्या प्रणालीस स्पीच कोडेक म्हणतात. १९७२ मध्ये प्रमाणित झालेला जी.७११ हा कोडेक सेकंदास ८००० नमुने घेतो. प्रत्येक नमुन्यास ८ बिट, म्हणजे सेकंदास ६४ किलोबिट लागतात. जीएसएमच्या पहिल्या कोडेकने हेच कार्य १३, तर जी.७२९ ने ८ किलोबिटमध्ये साधले. असे काटकसरी कोडेक ध्वनितरंगाची हुबेहूब नक्कल करीत नाहीत. मुखविवराच्या गणिती प्रतिमानावरून आवाज पुन्हा घडवितात. त्यामुळे मूळ व नव्या तरंगांतील फरक मोजून गुणवत्ता कळत नाही; त्यासाठी श्रोत्याचा कानच लागतो.

चाचणीची पद्धत
आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.८०० (१९९६) या शिफारशीनुसार स्त्री-पुरुष वक्त्यांची छोटी वाक्ये निरनिराळ्या कोडेकमधून काढून, क्रम बदलून श्रोत्यांना ऐकविली जातात. कोडेकचे नाव त्यांना सांगितले जात नाही. ‘उत्कृष्ट’ला ५ आणि ‘वाईट’ला १ असे गुण देऊन त्यांची सरासरी काढतात, तिलाच ‘मीन ओपिनिअन स्कोअर’ म्हणतात. हे गुण सापेक्ष असतात. दोन स्वतंत्र चाचण्यांतील सरासऱ्यांची थेट तुलना करणे सदोष ठरते. म्हणून ठरावीक प्रमाणात बिघडविलेले संदर्भ-नमुनेही चाचणीत समाविष्ट करतात.

सरासरीची मर्यादा
‘आवाज कसा वाटला?’ आणि ‘काय ऐकू आले?’ हे दोन भिन्न प्रश्न आहेत. वरील सरासरी केवळ पहिल्याचे उत्तर देते. पारंपरिक दूरध्वनी ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेतो. ‘स’ची बरीच ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असल्याने ‘साल’ आणि ‘शाल’ यांतील भेद पुसट होतो. वाक्यात संदर्भ ही उणीव भरून काढतो. रुग्णाचे आडनाव किंवा औषधाचे नाव लिहून घेताना मात्र तो आधार नसतो. ७००० हर्ट्झपर्यंतचा पट्टा वाहणारे कोडेक ही अडचण बरीच कमी करतात. पीईएसक्यू (२००१) व पोल्का (२०११) या संगणकीय पद्धतीही श्रोत्यांच्या मताचाच अंदाज बांधतात, सुबोधतेचा नव्हे.

निष्कर्ष
मराठीसाठी कोडेकची तुलना करताना वाक्यांच्या जोडीला ‘साल–शाल’, ‘ताट–ताठ’, ‘दार–धार’ अशा शब्दजोड्या ऐकवून कोणता शब्द ऐकू आला, हे विचारणे आवश्यक आहे. पर्याय दोनच असल्याने निव्वळ अंदाजानेही निम्मी उत्तरे बरोबर येतात. त्यांची वजावट करावी. गुणवत्ता आणि सुबोधता यांचे निकाल स्वतंत्रपणे नोंदविल्यासच कोडेकची निवड भाषेला न्याय देणारी ठरेल.