वारा आत येतो, पण बाहेर कुठून जातो?

उन्हाळ्यातल्या दुपारी एकच खिडकी असलेल्या खोलीत बसून पाहावे. बाहेर झाडाची पाने हलताना दिसतात, खिडकी सताड उघडी असते, तरी आत झुळूक येत नाही. मग समोरच्या भिंतीतले दार उघडले, की वारा खोलीतून वाहू लागतो. खिडकीचा आकार बदललेला नाही, बाहेरच्या वाऱ्याचा जोरही तोच आहे. बदल एकच झाला : आत येणाऱ्या हवेला बाहेर पडायला वाट मिळाली.

ही साधी गोष्ट घरे बांधणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मोटार बांधणारे हौशी लोक मात्र ती पुष्कळदा विसरतात. इंजिन तापले की ते मोटारीच्या नाकाला आणखी मोठे भोक पाडतात आणि तरी पाणी उकळतच राहते. असे का होते, ते या लेखात पाहू या. दाब, प्रवाह, उष्णता आणि ऊर्जा हे शालेय भौतिकशास्त्रातले चार विषय येथे एकाच यंत्रात भेटतात.

घरी बांधलेली मोटार

ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजात मोटार बांधण्याचा छंद जुना आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘लोटस सेव्हन’ ही लहानशी, हलकी, उघडी मोटार आणली. ती सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही मिळे. जोडणी गिऱ्हाइकाने स्वतः केली तर तयार मोटारीवरचा खरेदी-कर वाचत असे. १९७३ साली या मोटारीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पुढे १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या २५० पौंडांत अशा धर्तीची मोटार कशी बांधावी, हे सांगणारे पुस्तक लिहिले. लोखंडी चौकोनी नळ्या जोडून सांगाडा करायचा आणि इंजिन, गिअरपेटी वगैरे भाग जुन्या फोर्ड एस्कॉर्ट मोटारीतून काढून घ्यायचे, अशी ती पद्धत. या पुस्तकामुळे अनेकांनी घरी मोटारी बांधल्या. त्यांतल्या कित्येक सुटीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर हौसेने पळवल्या जातात.

ट्रॅकवर अडचण सुरू होते. रस्त्यावर इंजिनाला पूर्ण ताकद लावावी लागते ती चढावर किंवा ओव्हरटेक करताना, काही सेकंदच. ट्रॅकवर तेच इंजिन वीस-वीस मिनिटे जवळजवळ पूर्ण ताकदीने चालते. जी मोटार बाजारात नेताना कधी तापली नाही, ती येथे चौथ्या-पाचव्या फेरीतच वाफ सोडू लागते. वेळीच थांबले नाही, तर इंजिनाचे डोके वाकडे होते आणि वर्षभराची मेहनत वाया जाते.

वाऱ्याचा दाब किती?

वाहती हवा अडवली की तिच्या गतिज ऊर्जेचे दाबात रूपांतर होते. हा जादा दाब म्हणजे हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरू. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. हिशेब केला तर दाब येतो सुमारे ४६० पास्कल. एरवीच्या वातावरणीय दाबाच्या तो अर्धा टक्काही नाही! पाण्याच्या स्तंभात सांगायचे तर केवळ ४७ मिलिमीटर. रेडिएटरमधून हवा ढकलायला निसर्गाने आपल्याला एवढेच भांडवल दिले आहे. ताशी ५० किलोमीटरला ते चौथाईवर, म्हणजे १२ मिलिमीटरवर येते. म्हणून ते जपून वापरले पाहिजे.

हाच दाब मोटारीला मागेही ओढतो. सेव्हनच्या धर्तीच्या मोटारीची चाके उघडी असतात आणि काच उभी असते. त्यामुळे तिचा रोध-गुणांक ०.७ च्या आसपास भरतो. आजच्या घरगुती मोटारीचा तो साधारण ०.३ असतो. समोरून दिसणारे क्षेत्रफळ १.४ चौरस मीटर धरले, तर ताशी १०० किलोमीटरला हवा कापण्यासाठी सुमारे १७ अश्वशक्ती खर्च होतात. ताशी १६० किलोमीटरला किती? वेग १.६ पट झाला, पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ती चौपट, सुमारे ७० अश्वशक्ती होते. अशा मोटारीवर नाकाचे भोक वाढवत नेणे म्हणजे आधीच जड असलेल्या ओझ्यात भर घालणे होय.

उष्णतेचा हिशेब

पेट्रोलच्या ऊर्जेचे ढोबळ मानाने तीन वाटे होतात. एक वाटा चाकांकडे जातो, एक धुराबरोबर बाहेर पडतो आणि एक थंड करणाऱ्या पाण्यात उतरतो. इंजिन सरासरी ४५ किलोवॅट, म्हणजे सुमारे ६० अश्वशक्ती देत असेल, तर साधारण तेवढीच उष्णता रेडिएटरने हवेला द्यायची आहे.

बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस आहे आणि रेडिएटरमधून जाताना ती ६० अंशांपर्यंत तापते, असे धरू. एक किलोग्रॅम हवा एका अंशाने तापवायला सुमारे एक किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे प्रत्येक किलोग्रॅम हवा ३० किलोज्यूल घेऊन जाईल. ४५ भागिले ३० म्हणजे सेकंदाला दीड किलोग्रॅम, अर्थात सव्वा घनमीटर हवा हवी.

ट्रॅकवरच्या संथ भागात मोटार ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने जाते, असे समजा. सव्वा घनमीटरला २० ने भागले, की लागणाऱ्या तोंडाचे क्षेत्रफळ मिळते : ६२५ चौरस सेंटिमीटर. २५ सेंटिमीटर बाजूचा एक चौकोन पुरतो! रेडिएटर स्वतः ५० गुणिले ४० सेंटिमीटर, म्हणजे २००० चौरस सेंटिमीटरचा असेल, तर तोंड त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही लहान झाले. यापेक्षा मोठ्या भोकातून शिरू पाहणारी जादा हवा रेडिएटरमधून जातच नाही. ती तोंडाशी तुंबते आणि बाजूने सांडून जाते.

आत येण्याची वाट

तोंड लहान आणि रेडिएटर मोठा, तर मधली वाट क्रमाक्रमाने रुंदावत गेली पाहिजे. अशा वाटेत हवा मंदावते. तोंडाशी सेकंदाला २० मीटर असलेला वेग रेडिएटरपाशी सहा मीटरच्या थोडा वर उरतो. वेगाच्या वर्गाचा हिशेब केला, तर गतिज ऊर्जा जवळजवळ दहाव्या हिश्श्यावर आलेली असते. उरलेल्या नऊ हिश्श्यांपैकी बराच भाग दाबाच्या रूपात हाती येऊ शकतो. शिवाय मंद हवा रेडिएटरच्या बारीक पत्र्यांमधून जाताना कमी ऊर्जा गमावते. म्हणजे हवा वेगाने आदळवायची नाही, तर मंद करून दाबाने ढकलायची.

नळीच्या भिंती फार कलत्या असल्या तर हवा भिंत सोडते आणि भोवरे होतात. मोकळ्या नळीत प्रत्येक भिंतीचा कल सात-आठ अंशांपर्यंत असणे चांगले. रेडिएटरचा अडथळा जवळ असल्याने येथे थोडी अधिक सवलत मिळते.

दुसरी गोष्ट फटींची. पाण्याप्रमाणे हवाही सोपी वाट शोधते. रेडिएटरच्या कडेला दोन बोटे फट राहिली, तर हवा पत्र्यांमधून जाण्याऐवजी फटीतून पळते. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि रबरी पट्टी वापरून या फटी बुजवणे हे सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत गुणकारी काम असते.

बाहेर जाण्याची वाट

आता दाराकडे वळू. प्रवाह ठरतो तो पुढच्या आणि मागच्या दाबांतल्या फरकाने. मागचा दाब जेवढा कमी, तेवढी हवा जास्त. तेव्हा प्रश्न असा, की मोटारीवर दाब कमी कुठे असतो?

नाकाच्या टोकाशी हवा अडते, तेथे दाब जास्त असतो. नाकावरून बॉनेटवर वळताना हवेची वाट वक्र होते. हवेला वळवायचे तर वक्रतेच्या आतल्या बाजूला दाब कमी असावा लागतो. म्हणून बॉनेटच्या पुढच्या भागावर दाब कमी होतो. (वरून जाणाऱ्या हवेला लांबची वाट ‘त्याच वेळेत’ कापावी लागते म्हणून ती वेगाने जाते, हे पाठ्यपुस्तकांत आढळणारे स्पष्टीकरण चुकीचे आहे. वरची आणि खालची हवा एकाच वेळी मागे पोचण्याचे काही कारण नाही.) पुढे गेल्यावर समोरची उभी काच येते. तेथे हवा पुन्हा अडते आणि काचेच्या पायथ्याशी दाब पुन्हा वाढतो. म्हणून तर नेहमीच्या मोटारीत बसणाऱ्यांसाठी ताजी हवा घेण्याची जाळी तेथेच असते.

हौशी लोक बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून मागची कड वर उचलतात. ‘गरम हवा वर जाते, ती येथून निघून जाईल,’ असा त्यांचा विचार असतो. मोटार उभी असताना तो बरोबरही आहे. पण वेगात असताना काचेच्या पायथ्याशी जादा दाब असतो आणि त्या फटीतून हवा बाहेर पडण्याऐवजी आत शिरू शकते. मग इंजिनाच्या खोलीतला दाब वाढतो आणि रेडिएटरमधला प्रवाह उलट मंदावतो.

बाहेरची वाट बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे काढली, तर ती कमी दाबाच्या जागी उघडते. तापलेली हवा साधारण एक दशांशाने फुगते, म्हणून ही वाट तोंडापेक्षा थोडी मोठी ठेवावी. तिच्या पुढच्या कडेला बोटाच्या पेराहून कमी उंचीची पट्टी उभी केली, तर पट्टीमागे दाब आणखी उतरतो. यात दुसराही फायदा आहे. गरम हवा मोटारीच्या पोटाखाली सोडली तर तेथला दाब वाढतो, मोटार किंचित उचलली जाते आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. तीच हवा वरून सोडली तर हे टळते. १९६६ ते १९६९ अशी सलग चार वर्षे ल माँची शर्यत जिंकणाऱ्या फोर्ड जीटी-४० मोटारीच्या नाकावर नाकपुड्यांसारखी दोन भोके दिसतात, ती रेडिएटरमधली हवा बाहेर सोडण्यासाठीच आहेत.

विमानाचा धडा

रेडिएटरकडे असे नीट पाहायला विमानशास्त्राने शिकवले. १९३५ साली ब्रिटनमधल्या फार्नबरो येथील संशोधन संस्थेत एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी दाखवले, की हवा रुंदावत्या नळीत मंद केली, रेडिएटरमध्ये तापवली आणि निमुळत्या तोंडातून वेगाने मागे सोडली, तर रेडिएटरमुळे होणाऱ्या रोधाची बरीच भरपाई होते. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानाच्या पोटाखालचा रेडिएटर या तत्त्वावर होता आणि त्याची मागची झडप गरजेप्रमाणे उघडता-मिटता येई.

मोटारीलाही असा धक्का मिळेल काय? हिशेब करून पाहू. ताशी १६० किलोमीटरला हवा फार तर सव्वा टक्का दाबली जाते. एवढ्या अल्प दाबावर उष्णतेचे कामात रूपांतर होण्याची कार्यक्षमता टक्क्याच्या एक तृतीयांशाएवढीच येते. ४५ किलोवॅटमधून मिळतील जेमतेम १५० वॅट. हा लाभ नगण्य आहे. पण हवा मंद करणे, फटी बुजवणे आणि मागची वाट विचारपूर्वक काढणे हे धडे मोटारीलाही जसेच्या तसे लागू पडतात.

मोजून पाहावे

यासाठी वाऱ्याचा बोगदा लागत नाही. बॉनेटवर लोकरीचे आठ-दहा सेंटिमीटर लांबीचे तुकडे चिकटवून, बंद ट्रॅकवर सुरक्षित अंतरावरून चालणाऱ्या दुसऱ्या मोटारीतून चित्रण केले, तर हवा कुठे चिकटून वाहते आणि कुठे भोवरे करते ते दिसते. दाब मोजायला प्लास्टिकच्या पारदर्शक नळीचा ‘यू’ आणि रंगीत पाणी पुरते. नळीचे एक टोक रेडिएटरच्या पुढे, दुसरे मागे ठेवावे. वाचन चालकाने न करता शेजाऱ्याने करावे. दोन पातळ्यांतला फरक हेच रेडिएटरचे खरे भांडवल. एकेक बदल करून त्याच वेगाला तो फरक पुन्हा मोजावा. बदल उपयोगी ठरला की नाही, हे पाणीच सांगते.

महाराष्ट्रातल्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी आज स्पर्धांसाठी लहान शर्यती मोटारी बांधतात. त्यांचा वेग कमी असल्याने वाऱ्याचा दाबही कमी मिळतो आणि पंख्याची मदत घ्यावी लागते. पण वाट नीट नसेल, तर पंखाही तीच गरम हवा फिरवत बसतो.

वर्गात करून पाहा

बुटांच्या खोक्याच्या पुढच्या भिंतीला पाच सेंटिमीटर बाजूची खिडकी पाडा. आत मधोमध मच्छरदाणीच्या कापडाचे तीन पदर ताणून बसवा. हा झाला रेडिएटर. त्याच्या मागे टिश्यू कागदाची अरुंद पट्टी लोंबती ठेवा. एका बाजूला पारदर्शक प्लास्टिक लावा, म्हणजे पट्टी दिसेल. झाकणावर पुढे, झाकणावर मागे आणि मागच्या भिंतीत अशा तीन खिडक्या पाडून त्या चिकटपट्टीने बंद करा. झाकणावरच्या मागच्या खिडकीच्या लगेच मागे एक पुठ्ठा उभा करा. ही झाली काच. आता समोर टेबलपंखा लावा आणि एका वेळी एकच खिडकी उघडून पट्टी किती कलते ते नोंदवा. नंतर जाळीच्या कडेला मुद्दाम फट ठेवून प्रयोग पुन्हा करा.

कोणत्या खिडकीने पट्टी सर्वांत जास्त कलेल, याचा अंदाज विद्यार्थ्यांकडून आधी लिहून घ्यावा. पुढचे भोक दुप्पट केल्याने जास्त फरक पडतो की मागची वाट योग्य जागी उघडल्याने, हे त्यांनाच शोधू द्यावे.