केमिस्ट्रीच्या नोटीस बोर्डावर या आठवड्यात : ‘नेट गेलं’ म्हणजे नक्की काय गेलं?

आठवडा संपला, जर्नल सबमिट झाली असतील अशी आशा करूया, आणि आता आपला नेहमीचा कार्यक्रम. केमिस्ट्री विभागाच्या नोटीस बोर्डावर या आठवड्यात काय काय लागलं आणि त्यातलं तुमच्या कामाचं काय, ते बघू. ज्यांना एसटीत रेंज मिळत नाही म्हणून भाग अर्धवट ऐकायला मिळतो, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. नवीन कुणी असेल तर सांगते, मी पुण्यात केमिस्ट्रीत पीएच.डी. करते. म्हणजे बोर्डासमोरून दिवसातून चार वेळा जाते. निम्म्या वेळा चहासाठी.

पहिला कागद एका ओळीचा. ‘बुधवारी सकाळी एनएमआर बंद, नायट्रोजन भरणे.’ हा कागद जवळजवळ दर आठवड्याला लागतो आणि कुणी वाचत नाही. एनएमआरच्या त्या मोठ्या पिंपात एक सुपरकंडक्टिंग चुंबक असतो, तो द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर बुडवून ठेवलेला. हेलियम महाग, म्हणून त्याच्याभोवती उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनचं वेष्टण. नायट्रोजन सतत उडत राहतो, तो भरत राहावा लागतो. चुंबक मात्र कधीच ‘बंद’ होत नाही. लाइट गेली तरी त्यातला करंट फिरतच असतो. म्हणून त्या खोलीत एटीएम कार्ड खिशात घेऊन जाऊ नका, आणि कुणाला पेसमेकर असेल तर दाराबाहेरच थांबायचं.

यात संधी कुठे आली? अशी. तालुक्याच्या कॉलेजात एम.एस्सी. करणाऱ्या कित्येकांना वाटतं, आपल्याकडे एनएमआर नाही म्हणजे आपलं प्रोजेक्ट पांढऱ्या पावडरीपाशी संपलं. तसं नाही. आयआयटी मुंबईत ‘सैफ’ नावाची सुविधा आहे, तिथे बाहेरच्या कॉलेजांची सॅम्पल्स फी घेऊन तपासतात. सरकारचं ‘आय-स्टेम’ नावाचं पोर्टल आहे, त्यावर देशभरात कुठलं यंत्र कुठल्या संस्थेत आहे ते शोधता येतं. तुमच्या गाइडमार्फत अर्ज करा. पाच-दहा मिलिग्रॅम शुद्ध सॅम्पल पुरतं. शुद्ध हा शब्द नीट वाचा.

आता दुसरा कागद. या आठवड्यात मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच्यावर. ‘वॉक-इन इंटरव्ह्यू. प्रकल्पासाठी एक जागा. पात्रता एम.एस्सी. केमिस्ट्री, नेट किंवा गेट.’ खाली तारीख, वेळ, मूळ कागदपत्रं आणा. संपलं. हा कागद ज्याला आधीच सगळं माहीत आहे त्याच्यासाठी लिहिलेला असतो. बाकीचे फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात आणि विसरतात.

आणि नेमकी याच आठवड्यात एक व्हॉइस नोट आली. मराठवाड्यातल्या एका श्रोतीची. नाव घेऊ नका म्हणाली, नाही घेत. “ताई, माझं नेट गेलं. जेआरएफ नाही आलं. रिझल्टवर असिस्टंट प्रोफेसर आणि पीएच.डी. अॅडमिशन असं काहीतरी आलंय, त्याचा काय उपयोग? घरचे म्हणतात एक वर्ष दिलं तुला, आता स्थळं बघू.”

अगं, तुझं नेट गेलेलं नाही. आलंय! हे तुझ्या घरच्यांना ऐकवता यावं म्हणून सावकाश सांगते.

सीएसआयआर-यूजीसी नेटचा निकाल जून २०२४ पासून तीन गटांत लागतो. पहिला गट जेआरएफ. यांना फेलोशिप मिळते, असिस्टंट प्रोफेसरची पात्रता मिळते आणि पीएच.डी.साठी मुलाखत देता येते. दुसरा गट तुझा. असिस्टंट प्रोफेसरची पात्रता, शिवाय पीएच.डी. प्रवेशासाठी हे गुण चालतात. तिसरा गट फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला विद्यापीठात प्रवेश घेताना नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. पण प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात, हे लक्षात ठेव. तुझ्याकडे वेळ आहे, पण मोजून आहे.

असिस्टंट प्रोफेसरची पात्रता मात्र आयुष्यभराची. २०२३ मध्ये यूजीसीने नियम बदलला. त्या पदाच्या थेट भरतीसाठी नेट किंवा सेट ही किमान अट, पीएच.डी. ऐच्छिक. म्हणजे कागदावर तू आज प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करू शकतेस. जागा किती निघतात आणि सीएचबीवर तासाचे पैसे कधी हातात पडतात, हा वेगळा विषय आहे. त्याच्यावर एक भाग केला तर तो फार लांबेल आणि मला बीप वापरायला लागतील.

आता मुख्य गोष्ट. जेआरएफ म्हणजे फक्त परीक्षेतून मिळणारी फेलोशिप, असा समज पक्का बसलाय. जेआरएफ हे प्रकल्पातल्या पदाचंही नाव असतं. एखाद्या मॅडमना सरकारी निधीतून तीन वर्षांचा प्रकल्प मिळाला, तर त्यात संशोधक नेमायला पैसे असतात. त्या पदासाठी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या, म्हणजे डीएसटीच्या नियमात पात्रता काय आहे? नेट, ‘लेक्चररशिपसह’, किंवा गेट. लेक्चररशिपसह! म्हणजे तुझा दुसरा गट. आणि रक्कम? १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ झाल्यावर ४२,०००. नियमानुसार घरभाडं वेगळं. परीक्षेतून आलेल्या जेआरएफलाही मूळ रक्कम हीच.

बोर्डावरच्या त्या कागदात ‘नेट किंवा गेट’ एवढंच लिहिलंय, बरोबर? त्यात तू बसतेस. आणि ‘आपलं तर जेआरएफ नाही’ म्हणून तू तो कागद वाचलाच नसतास.

फरक नाही असं मात्र नाही. परीक्षेची फेलोशिप तुझी असते, ती घेऊन तू गाइड निवडू शकतेस. प्रकल्पाचं पद प्रकल्पाचं असतं. प्रकल्प संपला की पद संपलं. म्हणून वॉक-इनला गेल्यावर शेवटी “तुम्हाला काही विचारायचंय का?” असं म्हणतात ना, तेव्हा मान हलवून “नाही सर” म्हणू नका. विचारा. प्रकल्पाचे किती महिने उरलेत? या पदावर राहून पीएच.डी.ला रजिस्ट्रेशन करता येईल का, आणि कोणत्या विद्यापीठात? पैसे दरमहा येतात की हप्ता आल्यावर? या तिसऱ्या प्रश्नाला लाजू नका. निधीचा हप्ता लांबला की दोन-तीन महिन्यांचे पैसे एकदम येतात, असं संशोधनात सर्रास होतं, आणि हॉस्टेलची मेस हप्त्यावर चालत नाही. चांगला गाइड या प्रश्नाने चिडत नाही. चिडला तर तेही कळलं ना!

आणि प्रत्येक निधी देणाऱ्याची अट थोडी वेगळी असू शकते, वयाची तर हमखास. म्हणून जाहिरातीचा पूर्ण पीडीएफ विभागाच्या वेबसाइटवरून उतरवून वाचा. बोर्डाचा फोटो पुरत नाही. पुण्याच्या मुलांनी पाषाण रस्त्यावरच्या एनसीएल आणि शेजारच्या आयसरच्या वेबसाइटवरही दर आठवड्याला एक चक्कर मारावी, अशा जागा तिथे निघत असतात.

पुढचा प्रश्न तिनेच विचारलाय. “प्रकल्पात नाही मिळालं तर?” तर राज्याच्या संस्था बघा. पुण्यात बार्टी आणि सारथी, नागपुरात महाज्योती. बार्टी अनुसूचित जातींच्या, सारथी मराठा-कुणबी समाजाच्या आणि महाज्योती इतर मागास, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाच्या विद्यार्थ्यांसाठी. पीएच.डी. करणाऱ्यांना या संस्था फेलोशिप देतात, स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षणाच्या योजनाही असतात. जाहिरात कधी येईल आणि जागा किती असतील, याबद्दल दरवर्षी धाकधूक असते, विद्यार्थ्यांची आंदोलनंही झालीयत. त्यामुळे फक्त याच भरवशावर घर सोडून पुण्यात खोली घेऊ नका. पण जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, रजिस्ट्रेशनचं पत्र ही फाइल तयार ठेवा. जाहिरात आल्यावर तहसील कार्यालयाच्या रांगेत उभं राहायला वेळ उरत नाही.

नेट परत द्यायची का? दे. १२० प्रश्नांतले ७५च सोडवायचे असतात, चुकल्यास त्या प्रश्नाचे पाव गुण जातात. शेवटच्या भागात ६० पैकी फक्त २५ निवडायचे, प्रत्येकाला ४ गुण. म्हणजे सगळं येणं गरजेचं नाही, काय सोडायचं ते ठरवणं गरजेचं आहे. पण ती परत देताना हातात काम असलेलं बरं. घरच्यांशी बोलताना “अजून एक वर्ष द्या” आणि “मला ३७,००० च्या जागेची मुलाखत आहे” या दोन वाक्यांत फार फरक पडतो. सेटही आहेच, महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची, पुणे विद्यापीठ घेतं ती. तिच्यातून फेलोशिप मिळत नाही, प्राध्यापकपदाची पात्रता मिळते. ती तर तुझ्याकडे आलीच आहे, त्यामुळे तुला सेटची घाई नाही.

तिसरा कागद, व्याख्यान. विषय एमओएफ, म्हणजे मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क्स. २०२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल यालाच मिळालं, किटागावा, रॉबसन आणि याघी या तिघांना. धातूचे आयन म्हणजे कोपरे, सेंद्रिय रेणू म्हणजे त्यांना जोडणाऱ्या काठ्या, आणि मध्ये मोकळ्या खोल्या. वाडा समजा, ज्यात भिंतींपेक्षा अंगणच जास्त. काही ग्रॅम पावडरीत फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग मावतो. याघींच्या गटाने अशा पदार्थाने अॅरिझोनाच्या वाळवंटात हवेतून पाणी काढून दाखवलं. दुष्काळी भागातल्या आपल्या श्रोत्यांना हे वेगळ्या कानांनी ऐकू येईल.

व्याख्यान इंग्रजीत असेल. दहावीपर्यंत ‘संयुजा’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना अकरावीत एकदम ‘व्हॅलन्सी’ म्हणायला लावलं, तो धक्का काहींचा अजून उतरलेला नाही. तरी जा. पहिली पंधरा मिनिटं कळलं तरी पुष्कळ. प्रश्न हॉलमध्ये नाही विचारता आला तर नंतर चहाच्या टेबलाशी मराठी-इंग्रजी मिसळून विचारा. वॉक-इन लागायच्या आधी ‘माझ्याकडे एक जागा येतेय’ हे वाक्य बऱ्याचदा त्या चहाच्या टेबलाशीच ऐकू येतं.

चौथा कागद बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी. विज्ञान अकादमींची समर रिसर्च फेलोशिप. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन अकादमी मिळून ती देतात. उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये काम, वर विद्यावेतन. घोळ एवढाच होतो की फेलोशिप उन्हाळ्यात आणि अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास. परीक्षा झाल्यावर बघू म्हणणाऱ्यांची ती दरवर्षी हुकते. सरांचं शिफारसपत्र लागतं, ते आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर मागू नका. दोन आठवडे आधी भेटा, आपण कोणतं प्रॅक्टिकल, कोणता सेमिनार केला ते एका पानावर लिहून द्या. साठ मुलांच्या बॅचमधली तुम्ही कोण, हे सरांना आठवायला मदत होते.

याच्या शेजारी कुणीतरी ‘ऑनलाइन रिसर्च इंटर्नशिप, फी भरा, सर्टिफिकेट मिळवा’ असं पत्रक चिकटवलंय. काम शिकवण्यासाठी नाही, कागदासाठी पैसे मागतायत. पुढे चला.

पाचवा कागद, कॅम्पस इंटरव्ह्यू. औषध कंपनी, क्यूसी आणि प्रॉडक्शन. यावर ‘संशोधन नाही जमलं म्हणून नोकरी’ असं नाक मुरडणारे सिनियर प्रत्येक विभागात भेटतील, त्यांचं ऐकू नका. कुरकुंभ, लोटे-परशुराम, तारापूर, महाड इथल्या कारखान्यांत आपलेच एम.एस्सी. झालेले हजारो जण आहेत, आणि रोज एचपीएलसी चालवणाऱ्याचा हात पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यापेक्षा बऱ्याचदा जास्त सफाईदार असतो. विचारायचं ते हे : शिफ्ट कशा आहेत, रात्रपाळीला गाडी आहे का, बॉण्ड किती वर्षांचा. आणि मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणाले तर झेरॉक्स द्या, मूळ नाही. नेट परत द्यायची किंवा पीएच.डी.ला जायचं तर तीच कागदपत्रं लागतात.

आपल्या मराठवाड्यातल्या मैत्रिणीला मी जाहिरातीची लिंक पाठवलीय. तिचा उलट प्रश्न आलाय, इंटरव्ह्यूला सुपरक्रिटिकल काय विचारतील? एम.एस्सी.चं प्रोजेक्ट, बाई. प्रत्येक रिॲक्शनची मेकॅनिझम, प्रत्येक स्पेक्ट्रममधला प्रत्येक पीक, आणि यील्ड कमी का आलं. त्याची तयारी कशी करायची ते पुढच्या भागात, तोपर्यंत तुमच्या प्रोजेक्टमधला सगळ्यात अवघड पीक कुठला होता ते व्हॉइस नोट करून पाठवा. तीस सेकंदांत बसवा, मागच्या वेळी एकाने साडेचार मिनिटं नुसतं क्लोरोफॉर्मच्या पीकवर बोलून दाखवलं होतं.