"बाबा, मला परत यायचे आहे"

रविवारची सायंकाळ. इंदूरमधील एका मराठी कुटुंबात फोन वाजतो, अशी कल्पना करा. आई देवापाशी दिवा लावीत असते. वडील वर्तमानपत्र बाजूला ठेवून फोन घेतात. पलीकडे मुलगा असतो; पण त्याचा आवाज नेहमीचा नसतो. "बाबा, माझ्याने हे होत नाही. मला परत यायचे आहे."

तीनच महिन्यांपूर्वी याच मुलाला निरोप द्यायला सारे शेजारीपाजारी स्टेशनावर जमले होते. शाळेने त्याचा सत्कार केला होता. आजीने त्याच्या हातावर दही ठेवले होते. आता काय उत्तर द्यावे, हे वडिलांना सुचत नाही. असा प्रसंग कोणत्याही राज्यातील कोणत्याही घरी येऊ शकतो, आणि अशा वेळी आईवडिलांच्या तोंडून निघालेले पहिले वाक्य मुलाच्या मनात फार काळ राहते. म्हणून त्याचा विचार आधीच करून ठेवलेला बरा.

पहिले सत्र

पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बसविण्यात आली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी तिचे औपचारिक उद्घाटन झाले. भूदल, नौदल व वायुदल या तिन्ही सेनादलांचे भावी अधिकारी येथे तीन वर्षे, म्हणजे सहा सत्रे, एकत्र शिकतात. त्यानंतर प्रत्येक जण आपापल्या दलाच्या प्रबोधिनीत पुढील शिक्षणासाठी जातो. २०२२ पासून मुलींनाही येथे प्रवेश मिळू लागला आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुलींची पहिली तुकडी संचलन करून बाहेर पडली. तेव्हा या लेखात 'मुलगा' असा उल्लेख असला, तरी तो मुलीलाही तितकाच लागू आहे.

प्रवेश घेणारी मुले साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांच्या वयातली असतात. घरी ज्याला आईने दोनदा हाक मारल्याशिवाय जाग येत नसे, तो येथे उजाडण्यापूर्वीच मैदानावर उभा असतो. कवायत, व्यायाम, पोहणे, अश्वारोहण, वर्गातील अभ्यास, सायंकाळचे खेळ, असा दिवस घड्याळाच्या काट्यावर चालतो. ज्याने कधी विहिरीतही उडी मारलेली नाही, त्याला पोहावेच लागते. शिवाय आणखी एक गोष्ट मुलाला मनातून खचविते. तो आपल्या शाळेत पहिला होता. येथे भोवतालचे बहुतेक सारेच कुठे ना कुठे पहिले आलेले असतात. आयुष्यात प्रथमच तो मागे पडतो, आणि मागे पडणे म्हणजेच नालायक असणे, असा त्याचा समज होतो.

दोन चुकीची उत्तरे

अशा वेळी घरातून बहुधा दोन उत्तरे येतात. एक असे: "लोक काय म्हणतील? आमचे नाक कापू नकोस." दुसरे असे: "बाळा, उद्याच्या गाडीने निघून ये." पहिल्याने मुलगा एकटा पडतो, पुन्हा तो मन मोकळे करीत नाही. दुसऱ्याने त्याची अशी खात्री पटते की, आईवडिलांनाही आपल्या शक्तीचा भरवसा नाही.

याहून साधे उत्तर पुष्कळदा उपयोगी पडते: "तू सांगितलेस हे बरे केलेस. घर तुझेच आहे, ते कुठे जात नाही. आता मला सांग, आज काय झाले?" या शेवटच्या प्रश्नात सारे मर्म आहे. "सोडायचे की नाही?" हा प्रश्न थकलेल्या मनाला पेलत नाही, "आज काय झाले?" याचे उत्तर मात्र त्याला देता येते.

कारण ओळखावे

उत्तर लक्ष देऊन ऐकले, म्हणजे कारण हळूहळू उलगडते. घरची आठवण, झोपेची उणीव, परीक्षेतील अपयश, वरच्या सत्रातील मुलांचा दरारा, ही कारणे खरी असतात. पण ती बहुधा काळाबरोबर सौम्य होतात. अपयशामुळे एखाद्याला एक सत्र मागे ठेवले जाते. तो धक्का मोठा असतो, परंतु त्याने वाट बंद होत नाही.

शरीराची दुखापत ही गोष्ट निराळी. सततच्या धावण्याने नडगीच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. सत्र बुडेल या भीतीने मुले असे दुखणे लपवितात आणि ते वाढते. येथे पालकांनी धीराचा उपदेश करू नये. आजच वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखव, असे स्पष्ट सांगावे. त्याचप्रमाणे शिस्त आणि छळ यांत फरक आहे. मारहाण किंवा अपमानास्पद वागणूक होत असेल, तर ती सोसणे म्हणजे शौर्य नव्हे. मुलाच्या स्क्वॉड्रनच्या अधिकाऱ्यांशी बोलावे, आवश्यक वाटल्यास वरिष्ठांना लेखी कळवावे. मुलगा जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर एक दिवसही न दवडता अधिकाऱ्यांशी संपर्क साधावा.

तिसरे कारण सर्वांत अवघड. काही मुलांना ही वाटच मनापासून नको असते. वडिलांचे अपुरे राहिलेले स्वप्न, मोठ्या भावाचा आदर्श किंवा घरची आर्थिक ओढाताण, यांमुळे ती येथवर आलेली असतात. हा गणवेश घालण्याची इच्छा नेमकी कोणाची होती, असा प्रश्न पालकांनी स्वतःला प्रामाणिकपणे विचारला पाहिजे.

निर्णयापूर्वी

भावनेच्या भरात राजीनामा देण्यापूर्वी व्यवहारही पाहावा. प्रवेशाच्या वेळी पालकांनी ज्या कागदावर सही केलेली असते, तो पुन्हा वाचावा. मुलगा स्वेच्छेने बाहेर पडल्यास प्रशिक्षणाचा खर्च परत करावा लागू शकतो. सेनादलांच्या प्रशिक्षण संस्थेतून राजीनामा दिलेल्या उमेदवाराला या परीक्षेस पुन्हा बसता येत नाही, असा नियम संघ लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीत असतो. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवीही अभ्यासक्रम पुरा झाल्यावरच मिळते. म्हणून पुढे कोठे शिकणार, याची चौकशी आधीच करून ठेवावी. मात्र हे सारे मुलाला धमकी म्हणून ऐकवू नये. कागद समोर ठेवून, बरोबरीच्या माणसाशी बोलावे तसे बोलावे.

दुखापत, छळ किंवा मनाचे आजारपण नसेल, तर एक मुदत ठरविणे हिताचे असते. "हे सत्र पुरे कर. सुट्टीत घरी ये, पोटभर जेव, आठ दिवस झोप. मग तू जे ठरवशील त्यात आम्ही तुझ्याबरोबर आहो." हा शब्द दिला, तर तो पाळावा. सुट्टीत पाहुण्यांसमोर त्याच्या धैर्याच्या बढाया मारून त्याला शब्दात अडकवू नये. पुष्कळदा दार उघडे आहे एवढे कळले, म्हणजेच आत थांबण्याचे बळ येते.

आणि तरीही तो परत आला, तर? मग स्टेशनावर जरूर जावे. पूर्वी गेलो होतो तसेच. आजीने दही ठेवावे. शेजाऱ्यांना "त्याने दुसरी वाट धरली आहे" एवढेच सांगावे, अधिक खुलासा करू नये. देशाची सेवा गणवेशात होते, तशी ती शाळेत, शेतात आणि इस्पितळातही होते. ज्या घराने अपयशाच्या दिवशीही आपल्याला जवळ केले, त्याची लाज राखण्यासाठी माणूस पुढे पुष्कळ काही करून दाखवितो.