वारसाच्या वाटेवरचा कर

मेलेल्या माणसाच्या मालमत्तेवर कर बसवणारा कायदा स्वतंत्र भारतात आणला तो चिंतामणराव देशमुखांनी. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे नेहरूंच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री. त्यांची ‘इस्टेट ड्युटी’ 15 ऑक्टोबर 1953 रोजी लागू झाली. मृताच्या मागे राहिलेल्या एकूण मालमत्तेची किंमत काढायची, एक लाख रुपये सोडायचे आणि उरलेल्यावर चढत्या दराने कर घ्यायचा, अशी तिची रचना. वरचा दर 40 टक्के होता आणि तोही 50 लाखांवरच्या भागाला. 1966 साली तो 85 टक्क्यांवर नेला आणि सीमा 20 लाखांवर आणली. दर वाढला की वसुली वाढेल, असा हिशेब असावा. तो साधला नाही.

एवढा दर कोणी निमूट भरत नाही. ज्याच्याकडे वकील आहे तो तर नाहीच. कायदा करणाऱ्यांनाही हे कळत होते. म्हणून मृत्यूपूर्वीच्या दोन वर्षांतले बक्षीस मृताच्याच मालमत्तेत धरायचे, अशी तरतूद मुळातच होती. दुसरी तरतूद याहून बारीक होती : बक्षीस दिल्यावर देणाऱ्याने त्या वस्तूवरचा ताबा आणि उपभोग पुरता सोडला पाहिजे. बंगळूरच्या एका गृहस्थांचे प्रकरण याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांनी व पत्नीने 1954 साली राहते घर दोन सज्ञान मुलांना बक्षीस दिले. ताबा दिल्याचेही कागदावर लिहिले. पण आईवडील त्याच घरात राहिले आणि घरचा कारभार वडीलच पाहत राहिले. पाच वर्षांनी वडील गेले. दोन वर्षांची मुदत केव्हाच उलटली होती, तरी घर करपात्र ठरले. बहुतेक मराठी घरांत याहून वेगळे काय घडते? मुलाच्या नावावर घर करून वडील काही बिऱ्हाड हलवत नाहीत. निव्वळ मायेपोटी, रीतीप्रमाणे वागणारे कुटुंब कायद्याच्या तावडीत सापडले, याचे मला फार वाईट वाटते.

आता दुसरे टोक पाहा. हैदराबादच्या निजामाने 10 मे 1950 रोजी, म्हणजे हा कायदा येण्याच्याही तीन वर्षे आधी, कुटुंबासाठी एक ट्रस्ट केला. त्यात नऊ कोटी रुपयांचे सरकारी रोखे घातले. या भांडवलाचे 175 समान भाग कल्पून ते नातेवाइकांत, राखीव निधीत आणि खर्चाच्या खात्यात वाटले. हयातीपुरते उत्पन्न एकाला, त्याच्यामागे मूळ भांडवल दुसऱ्याला, अशी त्याची वीण होती. संपत्ती कर आल्यावर (तो 1957 चा, बक्षीस कर त्याच्या पुढच्या वर्षी, दोन्हींमागे केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डॉर यांचा अहवाल) सरकार आणि विश्वस्त यांच्यात वाद पेटला. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सांगितले, की कर विश्वस्तांकडून घेतला तरी तो प्रत्येक लाभार्थ्याच्या हिश्श्यापुरताच आणि त्या हिश्श्याचे मूल्य स्वतंत्रपणे काढूनच. कायद्याच्या दृष्टीने निकाल चोख आहे. पण मोठी संपत्ती वेळेवर आणि नेटके तुकडे करून मांडली की चढत्या दराची पायरीच निसटते, हेही त्यातून सगळ्या जाणकारांना कळले.

म्हणून 1985 साली अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग यांनी इस्टेट ड्युटी रद्द केली तेव्हा रडायला कोणी नव्हते. वर्षाला जेमतेम वीस कोटींची वसुली आणि त्यामानाने जड कारभार. 16 मार्च 1985 पासून झालेल्या मृत्यूंना ती लागू नाही. बक्षीस कर 1998 मध्ये गेला, संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पाने.

आज वारशाने मिळालेल्या मालमत्तेवर तोंडी लावण्यापुरताही कर नाही. जवळच्या नातेवाइकाने दिलेल्या बक्षिसावर नाही आणि केवळ नातेवाइकांच्याच हितासाठी केलेल्या ट्रस्टमध्ये टाकलेल्या मालमत्तेवरही नाही. वारसाने ती विकली, तर मात्र भांडवली नफा मोजताना मूळ मालकाची खरेदी किंमत धरतात. न विकणाऱ्याला तेही नाही. मग मोठी घराणी खासगी ट्रस्ट का करतात? प्राप्तिकर वाचवायला नव्हे. कोणाला किती द्यायचे हे विश्वस्तांच्या मर्जीवर सोडले असेल, तर उत्पन्नावर सर्वोच्च दरानेच कर लागतो. खरी कारणे तीन : भावंडांत शेअर्सची फाळणी होऊन कंपनीचा ताबा फुटू नये, धंदा बुडाला तर घर वाचावे, आणि मृत्युकर परत आलाच तर मालमत्ता मृताच्या नावावर सापडूच नये. तिसऱ्या कारणाची चर्चा एप्रिल 2024 मध्ये निवडणुकीच्या धामधुमीत पुन्हा उफाळली.

माझे मत असे, की तो कर परत यावा, पण 1953 चा नव्हे आणि 1966 चा तर मुळीच नव्हे. माफीची सीमा कित्येक कोटींची असावी, म्हणजे राहते घर आणि शेती असलेली कुटुंबे आपोआप बाहेर राहतील. दर दहा टक्क्यांच्या आत असावा, जेणेकरून वकिलाची फी कराहून महाग पडेल. आणि ट्रस्टमध्ये घातलेल्या मालमत्तेवर, कोणी मेला असो वा नसो, ठराविक वर्षांनी तोच कर लागावा. ब्रिटनमध्ये अशा बहुतेक ट्रस्टांवर दर दहा वर्षांनी तो लागतो.