गव्हातलं सेलेनियम आणि शेगावचे केस

माती, पाणी, माणूस : लेखांक ९

मागच्या आठवड्यात पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्याविषयी लिहिलं होतं. त्या पाण्याची इतकी बदनामी झालेली आहे की बुलढाणा, अकोला, अमरावतीच्या या पट्ट्यात कुणाच्याही अंगात काही बिघडलं की पहिलं बोट बोअरकडे जातं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यात लोकांचे केस झडू लागले तेव्हाही तेच झालं.

बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावं आधी आली, मग यादी वाढत गेली. डोक्याला खाज सुटायची, एक-दोन दिवसांत केस ओढले की हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. लहान मुलं, कॉलेजात जाणाऱ्या मुली, म्हातारी माणसं, कुणीच सुटलं नाही. १८ गावांत मिळून २७९ जणांची नोंद झाली. कित्येकांनी मुंडणच करून घेतलं. वाहिन्यांनी ‘टक्कल व्हायरस’ असं नाव देऊन टाकलं, आणि त्या एका नावाने गावांचं जे नुकसान केलं ते केसांच्या नुकसानीपेक्षा मोठं होतं. विषाणू म्हटला की तो लागण करतो. मग त्या गावातल्या माणसाला शेजारी कोण बसवून घेणार?

आरोग्य खात्याची पथकं आली, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तज्ज्ञ आले. पाण्याचे नमुने गेले. त्यात नायट्रेट जास्त निघालं, क्षारही जास्त निघाले. खारपाणपट्ट्यात हे निघालं नसतं तरच नवल. पण नायट्रेटने केस जात नाहीत. त्याचा धोका तान्ह्या बाळांना असतो, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्यामुळे कमी होते. शिवाय हे पाणी लोक पिढ्यान् पिढ्या पीत आले आहेत, आणि केस गेले ते एका डिसेंबरात. बुरशीचा संशयही घेतला गेला. डोक्यावरची बुरशी मुलांमध्ये जास्त दिसते, तिचे चट्टे पडतात आणि ती हळूहळू पसरते. अठरा गावांतली सगळ्या वयाची माणसं ती आठवड्याभरात टकली करत नाही. इतक्या झपाट्याने, इतक्या जणांचे केस एकदम गेले तर डॉक्टरच्या मनात विषाचा विचार यायला हवा. त्यात दोन नावं पुढे असतात, थॅलियम आणि सेलेनियम. थॅलियममध्ये हातपायांच्या नसा दुखतात, तळवे पेटल्यासारखे होतात. इथे तशी तक्रार नव्हती, म्हणजे उरलं सेलेनियम.

सेलेनियमवर बोट ठेवलं ते डॉ. हिंमतराव बावस्करांनी. महाडला विंचूदंशावर प्राझोसिन वापरून त्यांनी असंख्य जीव वाचवले, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जन्माने ते शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. बाधित गावांत जाऊन त्यांनी रक्त, लघवी आणि केसांचे नमुने घेतले आणि रेशनचा गहूही तपासायला दिला. त्यांच्या सांगण्यानुसार रक्तातलं सेलेनियम ३५ पट, लघवीतलं ६० पट आणि केसांतलं १५० पट वाढलेलं होतं, आणि जस्त कमी झालं होतं. न धुतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं, धुतलेल्या गव्हात १३.६१. नेहमीच्या गव्हात ते ०.१ ते १.९ मिलिग्रॅम असतं.

या दोन आकड्यांपाशी थोडं थांबायला हवं, कारण बातम्यांत ते मागे पडले आणि ‘६०० पट सेलेनियम’ एवढंच मथळ्यात उरलं. भागाकार करून पाहा. १४.५२ ला १.९ ने भागलं तर साडेसात पटीच्या आसपास येतं, ०.१ ने भागलं तर १४५ पट. ६०० कुठल्याच वाटेने येत नाही. मात्र मथळा फुगला म्हणून शोध खोटा ठरत नाही, आणि महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. गहू धुऊन सेलेनियम जेमतेम सहा टक्के उतरलं. म्हणजे ते दाण्यावर बसलेली धूळ किंवा फवारणी नव्हतं, दाण्याच्या आतच होतं. ते पिकानेच जमिनीतून उचललेलं असणार.

पीक विष उचलतंच कसं? मूलद्रव्यांच्या तक्त्यात सेलेनियम गंधकाच्या बरोबर खाली बसतं आणि रासायनिक वागणुकीत त्याच्यासारखंच असतं. मुळांना फरक कळत नाही. गंधक आत घेणाऱ्या वाटेनेच सेलेनियम शिरतं आणि गव्हाच्या प्रथिनांत गंधकाच्या जागी जाऊन बसतं. आपलं शरीरही तीच चूक पुढे चालवतं. केस आणि नखं केराटिनची असतात आणि केराटिनची मजबुती गंधकाच्या जोडबंधांवर उभी असते. तिथे सेलेनियम घुसलं की बंध कच्चे पडतात. म्हणून या विषबाधेत आधी केस आणि मग नखं जातात.

आता पोटात किती गेलं ते पाहू. प्रौढ माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरतं. ४०० मायक्रोग्रॅम ही सुरक्षित मानलेली वरची मर्यादा, आणि ९०० च्या आसपास विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातल्या माणसामागे महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, त्यात गहू आणि तांदूळ दोन्ही. त्यातला गहू तीन किलो धरला तर रोजचे १०० ग्रॅम झाले, म्हणजे सुमारे १,४५० मायक्रोग्रॅम. लक्षणांची रेघ इथेच ओलांडली. घरी पोळ्यांचा भर असेल आणि गहू ३०० ग्रॅमपर्यंत जात असेल तर आकडा ४,३०० च्या वर जातो.

हा शेवटचा आकडा वाचताना चीनची आठवण होते. हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात गावंच्या गावं टकली झाली. सर्वाधिक बाधित पाच गावांत २४८ माणसं होती, त्यातल्या जवळजवळ निम्म्यांचे केस आणि नखं गेली. तिथेही काही वर्षं कुणाला उलगडा होईना. कारण निघालं ते दगडी कोळशासारख्या सेलेनियमयुक्त खडकात. तो झिजून मातीत मिसळला होता, शेतात चुना टाकल्याने सेलेनियम पिकांना सहज मिळू लागलं, आणि दुष्काळाने भात गेल्यावर लोक त्याच मातीतल्या मक्यावर आणि भाजीवर जगू लागले. यांग ग्वांगची आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हे प्रसिद्ध केलं. त्या गावांत माणशी दिवसाला सरासरी ४,९९० मायक्रोग्रॅम सेलेनियम पोटात जात होतं, आणि कमीत कमी ३,२००. शेगावचा हिशेब याच्या जवळ जातो. मला विचाराल तर गव्हाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा हा आहे, ‘६०० पट’ नव्हे.

भारतात असा गहू कुठे पिकतो? पंजाबात नवांशहर आणि होशियारपूरच्या काही भागांत जमिनीत सेलेनियम फार आहे, ते शिवालिकच्या टेकड्यांवरून वाहून आलेलं. लुधियानाचं पंजाब कृषी विद्यापीठ १९८० च्या दशकापासून त्यावर काम करतंय. तिथली जनावरं तो चारा खाऊन लंगडतात, खूर आणि केस गमावतात. बावस्करांचा रोख पंजाब-हरियाणातून रेशनवर आलेल्या गव्हावर आहे.

यावर एक आक्षेप सहज सुचतो. असं सेलेनियमचं क्षेत्र लहान, आणि मंडीत शेकडो शेतांचा गहू एकत्र होतो. मग विष पातळ व्हायला नको का? दुसरा प्रश्न उलट बाजूचा. रेशनचा गहू जिल्हाभर जातो, मग टक्कल अठराच गावांत का? हे दोन प्रश्न समोरासमोर ठेवले तर एकमेकांची उत्तरं देतात. किलोला १४ मिलिग्रॅम यायला माल जवळजवळ न मिसळलेला हवा, आणि न मिसळलेला माल लहानच असणार, तो मोजक्या दुकानांतच उतरणार. हा अर्थात तर्क झाला. तो सिद्ध करायचा तर कुठल्या दुकानात कुठल्या गोदामातून कुठली खेप कधी आली, त्या नोंदी बाधित घरांच्या यादीशी जुळवाव्या लागतात. तालुक्याच्या गोदामात प्रत्येक खेपेतला मूठभर गहू सहा महिने सांभाळून ठेवला असता तर हे काम एका दुपारचं होतं.

औषधाचं म्हणाल तर सेलेनियमवर खास उतारा नाही, त्याची सहसा गरजही पडत नाही. ते पोटात जाणं थांबलं की लघवीवाटे शरीर त्याचा निचरा करतं आणि केस परत येतात. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पोषक औषधात २०० ऐवजी ४०,८०० मायक्रोग्रॅम सेलेनियम पडलं होतं. २०१ जण आजारी पडले, बहुतेकांचे केस गेले, आणि औषध थांबल्यावर ते परत येऊ लागले. शेगावातही अनेकांच्या डोक्यावर पुन्हा केस उगवले. मलमं आणि शाम्पू यांचा त्यात किती वाटा, हे सांगायला नकोच.

एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागात नखं वेडीवाकडी होऊन गळू लागली, तेव्हा नवा रोग आला म्हणून पुन्हा घबराट झाली. हाताचं नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं. मुळाशी डिसेंबर-जानेवारीत बिघडलेलं नख वर दिसायला तेवढे महिने लागणारच. सेलेनियमच्या विषबाधेत हे अपेक्षित असतं, आणि जानेवारीतच कुणी गावात सांगून ठेवलं असतं तर लोक एवढे धास्तावले नसते.

केसांचा वेग महिन्याला साधारण एक सेंटीमीटर. त्यामुळे लांब केस सेंटीमीटरभराच्या तुकड्यांत कापून तपासला तर कुठल्या महिन्यात किती सेलेनियम अंगात होतं ते वाचता येतं. त्या हिवाळ्यात एखाद्या घरी गळलेली वेणी कागदात गुंडाळून ठेवलेली असेल, तर खेपेची तारीख ठरवायला ती गोदामाच्या रजिस्टरइतकीच कामाची आहे.

(पुढील लेखांक : हरियाणातल्या लाहली इथे खाऱ्या भूजलात कोळंबी वाढवताना केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेला तळ्यात पोटॅश का टाकावं लागलं, आणि पूर्णेच्या पाण्याला ते गणित लागू पडेल का.)